पडून राहिलेला बर्फ

प्लेनोहून वझे काकांचा फोन आला की मी आधी खिडकीबाहेर बघते आणि मग फोन उचलते. काका तिकडे टेक्सासात, दीड हजार मैलांवर, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून बसलेले असतात आणि आमच्या जर्सी सिटीत बर्फ पडणार हे त्यांना माझ्या आधी कळलेलं असतं. परवाच्या शुक्रवारी सकाळीही तसंच झालं. बाहेर नुसतं राखाडी आभाळ होतं.

"अकराच्या सुमाराला सुरू होईल," काका म्हणाले. "पाट बाहेर ठेवलास का?"

"ठेवते."

"आत्ता ठेव. पाट आधी गार व्हावा लागतो. घरातला ऊबदार पाट नेऊन ठेवलास तर पहिला अर्धा इंच वितळून जातो. मग तू मला कमी सांगतेस आणि मी वहीत कमी लिहितो."

अठ्ठ्याहत्तरीच्या माणसाशी वाद घालू नये. मी निमूट पाट घेऊन परसात गेले. चांगला सागवानी पाट आहे तो, चार कोपऱ्यांना पितळी फुल्या असलेला, वझे काकूंच्या लग्नात आलेल्या जोडीतला एक. दुसरा त्यांच्या देवघरात गेला. हा बर्फात गेला. काकांनी त्याच्यावर पांढरा ऑइलपेंट फासला तेव्हा काकू चार दिवस त्यांच्याशी बोलत नव्हत्या म्हणे, आणि पाचव्या दिवशी बोलल्या त्यापेक्षा ते चार दिवस बरे होते असं काका सांगतात.

बर्फ मोजायची एक रीत असते हे मला या घरात येईपर्यंत माहीत नव्हतं. मला वाटायचं, काठी खुपसली की झालं. पण मोकळ्या जागी, भिंतीपासून आणि झाडापासून लांब, एक सपाट पांढरी फळी ठेवायची. पांढरी अशासाठी की गडद रंग ऊन शोषतो. दर सहा तासांनी तिच्यावर साचलेला बर्फ पट्टीने मोजायचा, इंचाच्या दहाव्या भागापर्यंत, मग फळी पुसून पुन्हा बर्फाच्या वर ठेवायची. शेवटी सगळ्याची बेरीज. कारण बर्फ स्वतःच्याच वजनाने दबत जातो. संध्याकाळी एकदम मोजायला गेलं तर सकाळचा बर्फ बसलेला असतो. पडला किती आणि पडलेला उरला किती, हे दोन वेगळे आकडे. काका आयुष्यभर पाणीपुरवठ्यात इंजिनियर होते, त्यामुळे आभाळातून येणाऱ्या कुठल्याही ओल्या वस्तूचा हिशोब ठेवणं हे ते आपलं काम समजत. बहात्तर साली सांगलीहून इथे आले, पहिला बर्फ पाहिला, आणि काकूंनी सामानातून आणलेला पाट त्यांना नेमका फळीच्या मापाचा दिसला.

आम्ही दोन हजार एकच्या डिसेंबरात त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो. नवरा निखिल पुण्याचा, मी नागपूरची, दोघंही मॅनहॅटनमध्ये सॉफ्टवेअरमध्ये. घर जुनं, लाकडी, टेकडीवरच्या वस्तीतलं. हिवाळ्यात त्याच्या पाइपांमधून वाफ वर चढताना कोणी तरी आतून हातोडी मारतंय असा आवाज यायचा. जिन्यात ओल्या बुटांचा वास, दाराशी मिठाचे पांढरे डाग, खिडकीच्या फटीत खुपसलेले जुने मोजे. पहिल्या हिवाळ्यात मला इथलं काहीच आवडलं नाही, एक शांतता सोडून. बर्फ पडायला लागला की ही शांतता यायची. गाड्या थांबायच्या, बाजूच्या शाळेतला गलका थांबायचा, आणि पाइपसुद्धा जरा दबून वाजायचे. अशा वेळी मी खिडकीशी उभी राहायची आणि मला घरची आठवण यायची. नागपुरात बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गोणपाटाखाली असतो, तरी यायची.

निखिल म्हणायचा, "बर्फ पडलं." मी म्हणायची, "पडला." लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एवढा एकच वाद आमच्याकडे शिल्लक होता आणि तो आम्ही जपून वापरायचो. आम्ही तो काकांकडे नेला. काका म्हणाले, "गोळ्यातला, फ्रीजमधला आणि हा, तिघांना मिळून आपल्याकडे शब्द एकच. त्याचं लिंग ठरवत बसलात तर मोजणार कधी?" पण ते स्वतः पडला म्हणायचे, त्यामुळे मी जिंकले असं मी धरून चालले.

वादळ सरलं की दुसऱ्या दिवशी काकांच्या स्वयंपाकघरात बैठक बसायची. शेजारचा फ्रँक यायचा. निवृत्त पोस्टमन, वय काकांएवढंच, जन्म याच गल्लीतला. तो येताना स्वतःची लाकडी पट्टी घेऊन यायचा, तीन फुटी. काका वही काढायचे. काकू चहा ठेवायच्या. मग दोघं म्हातारे जुन्या वादळांबद्दल असं बोलायचे की मला वाटायचं ही एकाच वाड्यात वाढलेली भावंडं असावीत. अठ्ठ्याहत्तर आडदांड होतं. त्र्याण्णव लबाड, आधी बर्फ मग पाऊस. शहाण्णवचा विषय निघाला की दोघंही जरा सरसावून बसायचे.

"थ्री फीट, इझी," फ्रँक म्हणायचा.

"ट्वेंटीसेव्हन इंचेस," काका वहीवर बोट ठेवायचे. "फ्रँक, यू मेझर बाय द फेन्स. द विंड पुट्स इट ऑल देअर. यू आर मेझरिंग द विंड."

"माय स्टिक इज अमेरिकन," फ्रँक म्हणायचा. "युवर्स इज अ चेअर विदाउट लेग्ज."

हा फ्रँक बर्फ उपसून गाडीची जागा मोकळी केली की तिथे मोडकी खुर्ची ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या कोणी गाडी लावू नये. आमच्या गल्लीत सगळेच ठेवतात. मला ते पाहून एसटीच्या खिडकीतून आत टाकलेला रुमाल आठवायचा आणि बरं वाटायचं. फ्रँकची तक्रार एवढीच की आपण खुर्ची ठेवतो ती गाडीसाठी, हा मिस्टर वेझी पाट ठेवतो तो कोणासाठी?

मला आधी या आकड्यांची गंमत वाटायची. सत्तावीस काय नि छत्तीस काय, वितळून सगळं गटारातच गेलं. पण वहीत आकड्याशेजारी शेऱ्याचा एक रकाना होता. अठ्ठ्याहत्तरच्या पुढे लिहिलं होतं, "तीन दिवस पाव नाही. हिने पोळ्या करून फ्रँककडे दिल्या." फ्रँक त्यांना अजून टॉर्टिया म्हणतो. शहाण्णवच्या पुढे, "मुलगा टेक्सासला गेल्यावरचा पहिला." त्र्याऐंशीच्या पुढे दोनच शब्द होते, "विमानतळ बंद." त्याबद्दल मी एकदा काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, सांगलीहून यांचे वडील गेल्याची तार आली होती. तिसऱ्या दिवशी विमान मिळालं तोवर तिकडे सगळं उरकलं होतं. "ते दोन दिवस हा माणूस परसात जाऊन मोजत होता," काकू म्हणाल्या. "मी ओरडले नाही. दुसरं काय करणार होता?" तेव्हापासून त्या वहीला मी हसले नाही.

त्र्याऐंशीचा आकडा होता अठरा पूर्णांक सहा. काकांच्या वहीत शहाण्णवनंतर दुसऱ्या नंबरावर.

दोन हजार तीनच्या जानेवारीत आमची सई झाली. बाळंतपणाला आई नागपूरहून आली. तिला थंडी सोसत नव्हती, पण तिने तसं कबूल केलं नाही. साडीवर निखिलचा स्वेटर, पायात लोकरीचे दोन-दोन मोजे, डोक्याला स्कार्फ, आणि दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीशी, कारण तिथे स्टोव्हची ऊब होती आणि तिथून परस दिसायचं. पहिल्याच दिवशी तिला पाट दिसला.

"भाऊंचा पाट बाहेर राहिला वाटतं," ती म्हणाली.

मी तिला समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हो, पण पाट आहे ना तो." पुढचा महिनाभर ती त्या खिडकीतून पाटाकडे असं बघायची की पाहुण्याला कोणी अंगणात ताटकळत ठेवलंय.

त्या हिवाळ्यात खालचा मजला अर्धा खोक्यांत भरलेला होता. मुलाने प्लेनोला मोठं घर घेतलं होतं आणि जूनमध्ये काका-काकू कायमचे तिकडे जाणार होते. काकू आधीच पुढे गेल्या होत्या, खोल्या लावायला. काका मागे राहिले होते ते कागदपत्रांसाठी, असं ते सांगत. खरं कारण आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. इथला शेवटचा हिवाळा त्यांना सोडायचा नव्हता. वहीची तीन पानं उरली होती. "तिकडे वर्षात एकदा चिमूटभर पडतो," ते मला म्हणाले, "आणि दुपारपर्यंत गायब. त्याला काय वही लागते? ही इथेच संपवायची. एकतीस वर्षांत एक वाचन चुकलेलं नाही, शेवटचं चुकवायचं नाही." हसत म्हणाले, पण मी त्यांच्याकडे बघत होते. ती गंमत नव्हती.

आणि फेब्रुवारीत ते मोठं वादळ आलं. रविवारी सुरू झालं. सोमवारची सुट्टीच होती. रविवारी दिवसभरात काकांनी स्वतः वाचनं घेतली, सोमवारी सकाळी सातला पुन्हा घेतलं. एकूण अकरा पूर्णांक चार. आणि सातच्या वाचनानंतर पाट पुसायला वाकले ते वाकलेच. कमरेत उसण भरली. निखिलने पाट पुसून पुन्हा बर्फावर ठेवला, त्यांना धरून आत आणलं आणि पुढच्या खोलीत जमिनीवर सतरंजी घालून उताणं झोपवलं. तिथून त्यांना फक्त छत दिसत होतं आणि खिडकीच्या वरच्या काचेतलं पांढरं आभाळ. प्लेनोहून काकूंचा फोन आला. "निखिल, त्यांना उठू देऊ नकोस. बर्फ उपसायला गेले तर मी इकडेच राहीन म्हणावं, कायमची."

"ती नाही तरी तिकडेच राहणार आहे," काका जमिनीवरून म्हणाले.

दुपारी एकचं वाचन निखिल घेणार असं ठरलं. काकांनी त्याला स्टीलची पट्टी दिली, रीत दोनदा म्हणून घेतली. आई त्यांच्यासाठी ओव्याचा शेक आणि मऊ भात घेऊन सारखी वर-खाली करत होती. साडेबाराच्या सुमाराला मी वर सईला न्हाऊमाखू घालत होते. निखिल पुढच्या पायऱ्यांवरचा बर्फ उपसत होता. फावड्याचा खरखर आवाज काकांना खाली ऐकू येत होता, आणि ज्याअर्थी उपसतायत त्याअर्थी थांबला असावा, असं त्यांना वाटलं. त्यांनी पडल्या पडल्या जिन्याच्या दिशेने हाक दिली.

"ताई, बर्फ थांबला का हो?"

आईने खिडकीतून पाहिलं आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन सांगितलं, "पडून राहिला, भाऊ."

आता इथे मला थांबून सांगायला हवं. आमच्या नागपूरकडे कोणी जेवत असेल तर तो जेवून राहिला असतो. कोणी येत असेल तर येऊन राहिला असतो. बर्फ पडून राहिला म्हणजे पडतोय, चालू आहे, जोरात आहे. सांगलीच्या माणसाच्या कानाला पडून राहिला म्हणजे पडायचा तो पडला, आता नुसता पसरलाय. पडतो तो बर्फ आणि पडलेला तो बर्फ, हा फरक सांभाळण्यात ज्या माणसाने एकतीस वर्षं घातली, त्याला माझ्या आईने एका वाक्यात दोन्ही सांगितलं, आणि त्याने नेमका नको तो अर्थ घेतला.

"थांबला एकदाचा," काका म्हणाले. "मग निखिलला सांगा, पाट उचलून घे म्हणावं."

त्यांच्या मते त्यात मोजणं आलंच होतं. आईच्या कानावर फक्त पाट उचला एवढं आलं, आणि त्याची ती महिनाभर वाट बघत होती. निखिलला कशाला त्रास म्हणून ती स्वतःच निघाली. निखिलचं जाकीट, माझे बूट. परसात सगळं सपाट पांढरं झालेलं. पाट कुठे आहे ते कळेना, म्हणून तिने हात खुपसून चाचपला, लाकूड हाताला लागलं, तेव्हा दोन्ही हातांनी उचलला, झटकला, स्कार्फने कोरडा पुसला आणि आणून काकांच्या उशाशी भिंतीला नीट उभा करून ठेवला.

काकांनी पाटाकडे पाहिलं. मग दाराकडे, निखिल येतो का म्हणून. मग आईकडे. आईच्या जाकिटाच्या खांद्यांवर ताजा बर्फ होता, अजून न वितळलेला.

"हा कुठला?" त्यांनी विचारलं.

"आत्ताचा, भाऊ. म्हटलं ना, पडून राहिला म्हणून."

मी सईला टॉवेलात गुंडाळून खाली आले. निखिल हातात पट्टी घेऊन दारात उभा होता. काका छताकडे बघत होते. त्यांनी मला शांतपणे सगळं सांगितलं, आवाज न चढवता, आणि तेच मला जास्त लागलं. बर्फ अजून पडत होता. पाट जिथे होता तिथे आता चौकोनी खळगा होता, तळाला कालचा दबलेला सपाट बर्फ, त्यामुळे इथून पुढचा बर्फ त्या खळग्यात मोजता येईल, ते काही बिघडलं नाही. पण सकाळी सात ते साडेबारा, वादळाचा सगळ्यात जोराचा भाग, झटकला गेला.

"बाजूचा मोजू या ना," निखिल म्हणाला. "काका, डेप्थ आहे, त्यातून आधीचं मायनस करू. अंदाज तर येईल."

"अंदाज नको," काका म्हणाले. "नंबर लावायचे तर मापाने लावायचे. त्र्याऐंशीला मी अंदाजाने मागे सारणार नाही. रिकामं सोडेन."

आई आतापर्यंत पाटाशेजारी हात बांधून उभी होती. ती रडते की काय असं मला वाटलं. ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "किती होता एवढंच पाहिजे का त्यांना?"

"हो आई."

"मग विचारा की. एक वीत होता, दोन बोटं कमी."

काकांनी मान वळवली. उसणीमुळे त्यांना तेवढंच वळवता येत होतं. "ताई, तुम्ही मोजलात?"

"मोजला नाही. हात घातला ना मी, पाट लागेस्तोवर. माझ्या हाताला कळते."

"तो अंदाज झाला."

आता आईचा आवाज बदलला. ती म्हणाली, "भाऊ, अंदाज कशाला म्हणता? चाळीस वर्षं भातात पाणी याच पेरावर घालून राहिले. एकदा चिकट झाला का, विचारा हिला. शिवणाची टेप माझ्या घरात नाही, पोरींचे परकर मी विती मोजून शिवले. पट्टी तुमची असते, हरवते. हे कुठे हरवते?" आणि तिने उजवा हात पसरून त्यांच्यापुढे धरला.

काकांनी त्या हाताकडे नीट पाहिलं. मग त्यांच्यातला इंजिनियर जागा झाला. "निखिल," ते म्हणाले, "पट्टी इकडे आण. ताई, ते खोकं किती उंच आहे?"

आईने खोक्यावर वीत ठेवली, बोटं सरकवली. "दोन विती, तीन बोटं." निखिलने पट्टीने मोजलं. काकांनी आधी आईची वीत मोजून घेतली होती, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत, बरोबर साडेसात इंच, आणि दोन बोटं मिळून एक पूर्णांक तीन. गुणाकार जुळला. मग पुस्तकांचा गठ्ठा. मग खुर्चीचा पाय. मग काकांनी एक लबाडी केली, तिला पुन्हा मघाचंच खोकं मोजायला सांगितलं, आडवं करून. तिने मोजलं आणि म्हणाली, "हे तेच आहे, भाऊ, झोपवलं म्हणून काय झालं." काका हसले आणि कमरेला धरून कण्हले.

साडेसातातून एक पूर्णांक तीन गेले, सहा पूर्णांक दोन राहिले. वादळ तीनच्या पुढे थांबलं. निखिलने खळग्यातला बर्फ मोजला, एक पूर्णांक दोन. संध्याकाळी चहा पिताना काकांनी बेरीज केली. अठरा पूर्णांक आठ. त्र्याऐंशीपेक्षा दोन दशांश जास्त. काका पेन उघडून थांबले. हसत-खेळत चाललेल्या या सगळ्यात कुठे तरी सांगलीची ती तार होती.

"बोटाच्या जाडीत एवढं इकडे-तिकडे होतं," ते अखेरीस म्हणाले. "दोघांना विभागून दुसरा नंबर." आणि तसं लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, "मापाचे साधन, ताईंचा उजवा हात. वीत साडेसात इंच. पडताळून पाहिली." खाली लफ्फेदार सही. आईने वाचलं, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाली, "हात म्हणे साधन." पण नागपूरला गेल्यावर तिने हे किती जणांना सांगितलं त्याची मोजदाद नाही.

दुसऱ्या दिवशी फ्रँक पट्टी घेऊन आला. त्याच्या कुंपणापाशी अडीच फूट भरला होता. काकांनी त्याला सगळी हकिकत सांगितली. फ्रँकने आईपुढे स्वतःचा हात धरला, तिने आपला त्याच्या हाताशेजारी ठेवला. तिच्या दीडपट मोठा. "नाऊ आय नो," काका म्हणाले, "व्हाय युवर स्नो इज ऑलवेज मोअर."

पुढच्या रविवारी सईचं बारसं होतं. आईने आदल्या दिवशी बर्फाचा पाट मागून घेतला. पांढऱ्या रंगावर हळदीकुंकवाची बोटं ओढली, भोवती रांगोळी काढली आणि मला त्याच्यावर बसवलं. काका सतरंजीवरून उठून काठी टेकत आले होते. त्यांनी एकच विचारलं, हळद निघेल ना म्हणून.

ती हळद निघाली नाही. एका कोपऱ्यावर पिवळट छटा अजून आहे.

जूनमध्ये ते गेले. घर विकलं नाही, आम्हीच खालच्या मजल्यावर उतरलो. वही काकांनी बरोबर नेली, वाचायला असू दे म्हणाले. पाट आणि पट्टी माझ्याकडे ठेवली. मला वाटलं, ते प्रकरण तिथे संपलं. डिसेंबरात पहिला बर्फ पडला आणि प्लेनोहून फोन आला. "किती?" मी म्हटलं, किती काय? "पाट नाही ठेवलास?" काकांचा आवाज असा झाला की मी चप्पल घालूनच परसात धावले. तेव्हापासून पाच हिवाळे मी वाचनं घेते आणि ते फोनवरून वहीत लिहितात. शेवटची पानं संपली तेव्हा त्यांनी मुलाकडून नवी वही आणवली. मी कंटाळते, ओरडते, ऑफिसच्या कॉन्फरन्स कॉलमधून उठून पट्टी घेऊन बाहेर जाते. पण एकही वाचन चुकवलेलं नाही, आणि हे मला स्वतःलाच खरं वाटत नाही.

तर परवाच्या शुक्रवारी अकराऐवजी साडेअकराला सुरू झाला. सईच्या शाळेने मुलांना लवकर सोडलं. ती जानेवारीत सहाची होईल. घरात मराठी ऐकते आणि इंग्रजीत उत्तर देते, आणि आजीच्या हाताची गोष्ट तिला पाठ आहे. चारच्या सुमाराला काकांचा फोन आला. "थांबला का?" त्यांनी विचारलं.

"पडून राहिला," मी म्हटलं.

"नागपूरचा का सांगलीचा?"

"सांगलीचा. पूर्ण थांबलाय." आम्ही दोघंही हसलो. हा आमचा नेहमीचा विनोद आहे आणि तो जुना होत नाही.

मी पट्टी शोधायला लागले. खणात नव्हती. फ्रीजवर नव्हती. तेवढ्यात मागच्या दारातून सई आत आली, एक हात कोपरापर्यंत ओला, लाल झालेला. तिने पाटावरच्या बर्फात हात खुपसला होता.

"वन वीत," ती फोनच्या दिशेने ओरडली, "मायनस वन बोट."

मी तिला दटावलं. फोनवर म्हटलं, "काका, थांबा जरा, पट्टी सापडत नाहीये, मी नीट मोजून सांगते, तिचं लिहू नका."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "पट्टी सापडू दे सावकाश," काका म्हणाले. "सापडली की आधी तिचा हात मोज. वीत किती, बोट किती. दोन्ही सांग, मी ताईंच्या खाली लिहितो."

पट्टी सईच्या दप्तरात निघाली. मी तिचा गार हात टेबलावर पसरून धरला आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत मोजला. पाचाला थोडा कमी. मी आकडा सांगितला. काकांनी तो हळूहळू म्हणत लिहिला.

"लिहिलं," ते म्हणाले. "पण वृंदा, हे साधन वाढणारं आहे. दर हिवाळ्यात नव्याने मोजून कळवायचं. विसरू नकोस."